नजर हळूहळू कमी होत जाणाऱ्या लेकरासोबत: सुरुवातीच्या वर्षांत घरच्यांनी काय काय करायचं

दिवेलागणीला अंगणातून घरात येताना आमची लेक हमखास उंबऱ्याला ठेचकाळायची. जेवताना ताटाशेजारचा पाण्याचा तांब्या लवंडायचा. 'लक्ष कुठंय तुझं?' हे वाक्य आमच्या घरात दिवसातून चारदा व्हायचं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'वेंधळेपणा कमी करावा' असा शेरा होता. आणि हीच पोरगी पेपरातली बारीक अक्षरं आजोबांना घडाघडा वाचून दाखवायची. त्यामुळे डोळ्यांचा संशय कुणाला आलाच नाही. ती आठ वर्षांची असताना निदान झालं: रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात 'आरपी' म्हणतात ते. आज ती चौदाची आहे, नववीत शिकते.

ज्यांच्या हातात असा रिपोर्ट नुकताच पडला आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आम्ही सांगली जिल्ह्यातले, त्यामुळे कागदपत्रं आणि शाळेचं जे सांगेन ते महाराष्ट्रातलं आहे. पहिली दोन वर्षं आम्ही फक्त 'बरं कसं होईल' याच्या मागे पळालो. त्या काळात ती जे दिसत्या डोळ्यांनी सहज शिकली असती, ते शिकवायचं राहून गेलं. तुमचं ते राहू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी आजार नीट समजून घ्या

डोळ्याच्या आतल्या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात आणि कडेचं बघायला लागतात. शंकूपेशी भर उजेडात, बारीक आणि रंगीत बघायला लागतात. आरपीमध्ये साधारणपणे आधी दंडपेशी मरतात. म्हणून सुरुवात रात्री न दिसण्यापासून होते, मग कडेची नजर जाते आणि नळीतून बघावं तसं मधलंच दिसत राहतं. शंकूपेशींवर परिणाम पुढे होतो.

हे एकदा डोक्यात बसलं की लेकराच्या वागण्याचा उलगडा होतो. बारीक अक्षर दिसतं, कारण मधली नजर शाबूत आहे. पायाशी पडलेलं खोडरबर सापडत नाही, कारण खालचं दिसत नाही. तुम्ही वाटी पुढे केली तरी ती हात पुढे करत नाही, कारण वाटी तिच्या नळीच्या बाहेर असते. उन्हातून घरात आलं की दोन-चार मिनिटं जागीच उभी राहते, कारण डोळे अंधाराला सरावायला फार वेळ लागतो. हे नाटक नसतं आणि हट्टही नसतो. आम्ही लेकीला ज्या ज्या गोष्टींसाठी रागावलो होतो, त्यांची यादी मी हे समजलं त्या रात्री मनातल्या मनात केली आणि दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली. तुम्हीही मागा. मुलांना ते कळतं.

सगळे आजार असे बाहेरून आत येत नाहीत. स्टारगार्ट नावाच्या आजारात उलट मधली नजर आधी जाते. अशा मुलाला फळ्यावरचं दिसत नाही, समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही, पण चालताना ते धडपडत नाही. तुमच्या मुलाचं नेमकं कुठलं आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं, त्यामुळे आजाराचं नाव डॉक्टरांकडून स्पष्ट अक्षरांत लिहून घ्या.

तपासण्या: कुठल्या आणि कशासाठी

चष्म्याच्या दुकानातली तपासणी इथे पुरत नाही. दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडेच जायला हवं, त्यातही लहान मुलांच्या आनुवंशिक आजारांचा अनुभव असलेल्याकडे. चार गोष्टी साधारण होतात. बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटल बघतात आणि त्याचा फोटो काढतात. ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये पडद्याचे थर दिसतात. ईआरजीमध्ये डोळ्यासमोर उजेडाचे झोत टाकून दृष्टिपटल विजेचा किती प्रतिसाद देतं ते मोजतात. आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी, जिला पेरिमेट्री म्हणतात: मूल एका ठिकाणी टक लावून बसतं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबतं.

ही शेवटची चाचणी मुलांना जाम कंटाळवाणी वाटते. आमची लेक पहिल्या वेळी निम्म्यात रडायला लागली आणि रिपोर्ट कामाचा निघाला नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही सकाळची पहिली वेळ घेतली, पोटभर नाश्ता करून गेलो आणि आधी घरी आठवडाभर 'भिंतीवरच्या टिकलीकडे बघ, बाजूला टॉर्च चमकला की टाळी वाजव' हा खेळ खेळलो. रिपोर्ट व्यवस्थित आला. हा रिपोर्ट जपून ठेवा, पुढे दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळी सगळ्यात जास्त उपयोगी हाच पडतो.

डॉक्टरांना तीन प्रश्न आवर्जून विचारा. एक, हे जीवनसत्त्व अ कमी झाल्यामुळे आलेलं रातांधळेपण तर नाही ना? ते असेल तर उपचाराने बरं होतं, म्हणून आधी तेच खात्रीने बाजूला काढायला हवं. दोन, ऐकण्याची तपासणी करायची का? अशर सिंड्रोममध्ये नजरेबरोबर कानही कमी होतात. ते वेळेत कळलं तर श्रवणयंत्र लावता येतं. तीन, शरीरात इतरत्र काही आहे का? हातापायाला सहावं बोट, लहानपणापासून वाढलेलं वजन, मूत्रपिंडाचा त्रास, असं काही असेल तर न विचारता सांगून टाका. ते एकाच आजाराचे धागे असू शकतात.

आजार बरा होत नसला तरी तपासणी दर वर्षी करायचीच. आरपीच्या मुलांना मोतीबिंदू लवकर होऊ शकतो, पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते, चष्म्याचा नंबर बदलत राहतो. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे, सूज बऱ्याचदा थेंबांनी किंवा गोळ्यांनी कमी करता येते. 'काही उपाय नाही' हे वाक्य ऐकून जे पालक घरी बसतात, त्यांच्या मुलांची वाचवता येण्याजोगी नजरही जाते.

दोष कुणाचा, हा प्रश्न

माझं लग्न आतेभावाशी झालं. आमच्याकडे असंच पिढ्यान्‌पिढ्या होत आलं आहे. निदान झालं त्या महिन्यात घरात जे बोलणं झालं ते मी इथे लिहिणार नाही, पण ऐकून घ्यायला जवळपास एकटी मीच होते.

म्हणून हे नीट वाचा आणि घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा. आरपीला कारण ठरणारी ऐंशीहून अधिक जनुकं माहीत झाली आहेत आणि आजार तीन रीतींनी उतरतो. एका रीतीत आई आणि वडील दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असते, दोघांनाही काही त्रास नसतो आणि प्रत्येक बाळंतपणात मूल बाधित होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यातल्या लग्नात हीच शक्यता वाढते, कारण दोघांना तीच प्रत एकाच आजी-आजोबांकडून आलेली असू शकते. दुसऱ्या रीतीत आई किंवा वडील स्वतः बाधित असतात आणि शक्यता दोनात एक असते. तिसऱ्या रीतीत दोष आईच्या एक्स गुणसूत्रावर असतो आणि त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो. यातलं काहीही कुणी ठरवून केलेलं नसतं. ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं, हे तर अजिबात खरं नाही.

जनुकीय तपासणी रक्तातून किंवा लाळेतून होते. खर्च जास्त आहे, आणि तपासून काही निघालंच नाही असंही होतं. तरी ऐपत असेल तर करावी असं माझं मत आहे. भावंडांचं काय, पुढच्या बाळाचं काय, ही उत्तरं त्यातून मिळतात. शिवाय उपचार जनुकागणिक वेगळे येणार आहेत. अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेलं लक्सटर्ना हे इंजेक्शन फक्त आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषावर चालतं, तेही पुरेशा पेशी जिवंत असतील तरच. तुमच्या मुलाचं जनुक माहीत नसेल तर उद्या काही आलं तरी ते तुमच्यासाठी आहे का, हे कळणार नाही. तपासणीआधी आणि नंतर जनुकीय समुपदेशकाशी बोला. नवऱ्यालाही सोबत न्या, हे विशेष सांगते.

पैसे आणि वर्षं कुठे वाया जातात

आम्ही एका ठिकाणी स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, तीन इंजेक्शनं देऊन घेतली. त्यासाठी शेतातला एक तुकडा गहाण पडला. नजरेत काडीचा फरक पडला नाही. नंतर कळलं की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या वगैरे काही आजारांतलं प्रत्यारोपण. बाकी सगळं फक्त संशोधन-चाचणी म्हणूनच करता येतं. आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. 'चाचणी' म्हणून कुणी लाखभर रुपये मागितले की तिथून उठायचं. चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर नोंदवलेली आहे का, ते आधी बघायचं.

पपई, गाजर, शेवग्याचा पाला जरूर खाऊ घाला, चांगलंच आहे. पण जीवनसत्त्व अ च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता देऊ नका. त्या यकृताला अपाय करतात आणि स्टारगार्टमध्ये तर त्या टाळायलाच सांगतात.

आणखी एक प्रश्न सगळे विचारतात: नेत्रदानातून मिळालेला डोळा बसवता येईल का? नेत्रदानात बसवतात ते पारपटल, म्हणजे बाहुलीपुढचा पारदर्शक भाग. आपला आजार मागच्या पडद्यात आहे. माझ्या सासऱ्यांनी 'माझा एक डोळा काढून दे' असं डॉक्टरांसमोर हात जोडून सांगितलं होतं. त्यांना हे समजावताना डॉक्टरांचाही आवाज बसला.

लेकराला सांगायचं का?

सांगायचं. आम्ही दीड वर्ष लपवलं आणि ती चूक होती. दवाखान्याच्या फेऱ्या, दाराआडचं रडणं, नातेवाइकांचं 'बिच्चारी' म्हणणं हे सगळं मूल बघत असतं. आपण बोललो नाही की ते मनात त्याहून भयंकर काहीतरी धरून बसतं. आमच्या लेकीला वाटत होतं की ती मरणार आहे.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: 'तुझ्या डोळ्यांतल्या काही पेशी थकत चालल्या आहेत. त्यामुळे अंधारात आणि बाजूचं कमी दिसतं. तुझ्या किंवा आमच्या चुकीमुळे झालेलं नाही. पुढे आणखी कमी दिसेल, पण ते हळूहळू होईल आणि तोवर आपण सगळं शिकून घेऊ.' मोठी मुलं सरळच विचारतात, 'मी पूर्ण आंधळी होणार का?' तेव्हा खोटा धीर देऊ नका. किती वर्षांत किती जाईल ते कुणालाच सांगता येत नाही. आरपी बहुतेकांत वर्षानुवर्षं सावकाश वाढतो आणि उजेडही कळू नये इतका अंधार थोड्यांच्याच वाट्याला येतो. हे खरं आहे, आणि खरं असल्यामुळे पोराला त्याचा आधार वाटतो.

डोळ्यांसमोर चमचम दिसते, ठिणग्या उडतात, असं मूल सांगेल. आरपीत ते होतं. भूत-बाधा नाही. घाबरून न जाता पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा.

भावंडांना विसरू नका. थोरल्याला आम्ही 'आता तूच तिचे डोळे' असं म्हणायचो. दहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर जन्मभराचं ओझं ठेवलं, हे तो चिडून बोलला तेव्हा कळलं. आता त्याचं काम एवढंच आहे: बहिणीला भाऊ असणं. आणि डॉक्टरांना विचारून त्याचीही तपासणी करून घेतली.

'कुणाला सांगू नका, उद्या लग्नाचं बघायचंय' हा सल्ला तुम्हालाही मिळेल. लपवलं की शाळेत मदत मागता येत नाही, काठी हातात घेता येत नाही, प्रमाणपत्र काढता येत नाही. सगळी वाटच अडते. आम्ही तो सल्ला मानला नाही.

घर: पैसे कमी, फायदा जास्त

पहिला नियम दारांचा. दार एकतर पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड कपाळावर लागते, कारण ती अरुंद असते आणि नळीच्या बाहेर राहिली की दिसत नाही. दुसरा नियम जागांचा. पाट, बादली, चपला, सायकल, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. हलवली तर हलवणाऱ्याने तोंडाने सांगायचं. पाहुण्यांनासुद्धा हे सांगायला लाजू नका.

पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी रंगवा. उंबऱ्यालाही. मोरी आणि संडासात चांगला दिवा हवा आणि बटणाच्या पाटीभोवती गडद रंगाची चौकट. दिवा डोळ्यात घुसणारा नको, वस्तूवर पडणारा हवा. झगझगाटाने या मुलांना उलट कमी दिसतं. उन्हात पुढे झडप असलेली टोपी आणि डॉक्टरांनी सुचवलेला पिवळसर किंवा तपकिरी काचेचा चष्मा लागतो. वीज जाते तेव्हासाठी उशाशी टॉर्च, आणि तिची बॅटरी मुलानेच दर रविवारी तपासायची.

जेवणाच्या ताटाकडे एकदा तिच्या नजरेने बघा. चकचकीत स्टीलचं ताट, वर दिवा, त्यात पांढरा भात, शेजारी दही. तिला दिसते ती नुसती चकाकी. आम्ही गडद निळी ताटं आणली. भात दिसायला लागला, सांडणं थांबलं, आणि जेवताना तिचं गप्प गप्प राहणंही थांबलं. पाण्यासाठी तांब्याऐवजी रुंद बुडाचा रंगीत पेला, तो कायम ताटाच्या उजव्या वरच्या बाजूला. 'भात घड्याळात सहावर, भाजी दोनवर, चटणी अकरावर' अशी सांगायची सवय लावली. पुढे नजर आणखी गेली तरी ती सवय तिच्याबरोबर राहील.

वस्तू देताना आधी नाव घ्या, मग वस्तू तिच्या हाताला लागू द्या. 'ते तिकडे आहे' म्हणू नका. 'तुझ्या डाव्या हाताला, टेबलाच्या कडेशी' असं म्हणा. घरातल्या सगळ्यांना हे अंगवळणी पडायला आम्हाला वर्ष लागलं.

शाळा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेने प्रवेश नाकारायचा नसतो आणि गरजेप्रमाणे सोयी करून द्यायच्या असतात. आम्हाला एका शाळेने 'आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही' असं सांगितलं होतं. तेव्हा कायदा माहीत नव्हता म्हणून आम्ही मान खाली घालून परत आलो. तुम्ही तसं करू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा. ते शाळेत येतात, वर्गशिक्षकांना समजावतात. समग्र शिक्षा योजनेतून ठळक अक्षरांची किंवा ब्रेल पुस्तकंही त्यांच्याकडूनच मागायची.

वर्षाच्या सुरुवातीला वर्गशिक्षकांना एक पानाचं पत्र द्या. आमच्या पत्रात एवढं असतं: पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ येईल अशी जागा. फळ्यावर लिहिताना मोठ्याने म्हणावं. ढगाळ दिवशी, जिन्यात आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात एका मैत्रिणीची सोबत. कुणी हात पुढे केला आणि तिने धरला नाही तर तो उद्धटपणा समजू नये. खेळाच्या तासाला बाजूला बसवून ठेवू नये. हे शेवटचं मी ठळक लिहिते. चेंडू अंगावर येणारे खेळ नकोत, पण धावणं सोबतीने जमतं, बुद्धिबळ आहे, खुळखुळणाऱ्या चेंडूचं क्रिकेट आहे. भारताच्या दृष्टिहीन मुलींच्या क्रिकेट संघाने २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या जागतिक क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, ते आम्ही शाळेत जाऊन सांगितलं.

अक्षर मोठं करण्याबद्दल एक चूक सगळे करतात, शिक्षकही. नजर कमी म्हटलं की ए-थ्री आकाराची झेरॉक्स हातात देतात. मधली नजर गेलेल्या मुलाला त्याचा फायदा होतो. पण नळीतून बघणाऱ्या मुलाला अक्षर फार मोठं केलं की एका वेळी दोनच अक्षरं दिसतात आणि वाचन मंदावतं. त्याला हवा काळाभोर ठसा, मॅट कागद आणि पानावर पडणारा उजेड. ओळ सुटते, यावर साधा उपाय आहे. काळ्या कार्डशीटला एका ओळीपुरती लांबट खाच कापा आणि ती पानावरून सरकवत वाचायला द्या. घरी पाच मिनिटांत होतं. वह्यांना गडद छापील रेघा आणि पेनाऐवजी काळं जाड स्केचपेन. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत उतरवता येतात. टॅबवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं करून वाचता येतात.

परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. दहावीसाठी हा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे बराच आधी जावा लागतो. नववीतच मुख्याध्यापकांना भेटा. आणि लेखनिक घेणार असाल तर सराव आठवीपासून करा. मनात उत्तर जुळवून दुसऱ्याला सांगणं, स्वल्पविराम सांगणं, आकृतीचं वर्णन करणं ही वेगळीच विद्या आहे. आमच्या लेकीला लिहिता येतं, पण प्रश्नपत्रिकेवरून उत्तरपत्रिकेवर नजर नेली की जागा हरवते आणि शोधण्यात वेळ जातो. म्हणून तिने ठरवलं आहे: भाषा स्वतः लिहायची, गणित-विज्ञानाला लेखनिक. हे ठरवणं मुलावरच सोडा.

कागदपत्रं

एक जाड फाइल करा. प्रत्येक रिपोर्टच्या तीन प्रती.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (हे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि वैद्यकीय कागद लागतात. मग सिव्हिलला किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीला बोलावतात. इथे सगळ्यात महत्त्वाचं: कायद्यात नुसती अक्षरं वाचण्याची नजर मोजलेली नाही, दृष्टिक्षेत्रही मोजलेलं आहे. चांगल्या डोळ्याचं क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी, आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व, मग तक्त्यावरची खालची ओळ वाचता येत असली तरीही. आमच्या पहिल्या खेपेला फक्त तक्ता वाचून घेतला आणि 'चांगलं दिसतंय की' म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला पेरिमेट्रीचा रिपोर्ट सगळ्यात वर लावून गेलो. आजार वाढता असल्याने प्रमाणपत्र मुदतीचं मिळू शकतं. मुदत संपायच्या आधी फेरतपासणीची तारीख घ्या.

प्रमाणपत्रावर काय मिळतं ते थोडक्यात सांगते. एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत. जुनी करप्रणाली घेतलेल्या पालकाला आयकरात ७५,००० रुपये, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपये वजावट. पुढे शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव. ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, तिथे साहित्यासाठी अर्ज द्या. रेल्वेची सवलत मात्र दृष्टी पूर्ण गेलेल्यांनाच आहे, त्यात वेळ घालवू नका.

दिसतंय तोवर शिकायचं ते: फोन, ब्रेल, काठी

फोनपासून सुरुवात करा, मुलं आनंदाने शिकतात. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असतं. ते चालू केलं की बोट ठेवाल ते फोन वाचतो, आणि दोनदा टिचकी मारली की उघडतो. मराठी आवाज निवडता येतो. रोज पंधरा मिनिटं, डोळे मिटून. संगणकासाठी एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, मोफत आहे आणि मराठी वाचतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून वाचता-ऐकता येतील अशी पुस्तकं मिळतात, सदस्यत्व एखाद्या संस्थेमार्फत घेता येतं.

ब्रेलला आमच्या घरातूनच विरोध झाला. 'तिला दिसतंय, मग आताच कशाला?' दिसतंय म्हणूनच. सहा टिंबांची जागा डोळ्यांनी बघून आणि बोटांनी चाचपून एकदमच शिकता येते. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटवून डावीकडून उजवीकडे वाचायचं, ही गंमत तिने दोन दिवसांत पकडली. बोटं तयार व्हायला वेळ लागतो. त्यासाठी आजीने मिटल्या डोळ्यांनी मूग आणि मटकी वेगळी करायचा खेळ लावला होता, त्याचा खरंच उपयोग झाला. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक आहे. पहिला अंक तिच्या हातात पडला तेव्हा वर्तमानपत्र चादरीखाली दिवा मालवून वाचता येतं, याचंच तिला अप्रूप वाटलं. शिकवणारे कुठे मिळतील? मुंबईत १९५२ पासून काम करणारी नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं संसाधन केंद्र, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन. लांब असाल तर फोन करून जवळचं ठिकाण विचारा.

काठी सगळ्यात अवघड, तिच्यापेक्षा आपल्याला. पांढरी काठी हातात आली की गाव बघतं. आम्ही सुरुवात रात्रीपुरती केली: दिवसा पिशवीत घडी घालून, दिवेलागणीनंतर हातात. काठी उभी धरली की छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. पाऊल टाकताना टोक पुढच्या पावलाच्या जागेवरून डावी-उजवीकडे फिरायला हवं, आणि हे प्रशिक्षकाकडूनच शिकावं. सोबत चालताना तिचा दंड धरून ढकलत नेऊ नका. तिने तुमच्या कोपराच्या जरा वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं, म्हणजे पायरी आली की तुमच्या हातावरून तिला आधीच कळतं.

एकटीने जायचा पहिला रस्ता ओळखीचा आणि छोटा निवडा. आमचा होता घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत. आधी दिवसा तिच्याबरोबर दहादा चालले आणि खुणा तिनेच पाठ केल्या: फाटकातून उजवीकडे, पायाखाली फरशी संपून माती लागते, मग गटारावरची लोखंडी जाळी खणखणते, पुढे शिंप्याच्या मशीनचा आवाज, आणि गिरणीचा पट्टा ऐकू आला की डावीकडे तीन पायऱ्या. मग संध्याकाळी मी दहा पावलं मागून, न बोलता. पहिल्या दिवशी ती जाळीपाशी थांबली, काठी दोनदा आपटून बघितली आणि पुढे गेली. आता शनिवारी दळण तीच आणते. मी फाटकात उभी असते. परत येताना मशीनच्या आवाजापाशी पोचली की तिथूनच ओरडून सांगते, 'आई, आज जाडं दळलंय.'